पडद्यापलीकडचा हात

२००६च्या मार्चमध्ये देवयानीची आई नागपुरात वारली, तेव्हा देवयानीचा पासपोर्ट व्हिसा वाढवण्यासाठी ब्रिटनच्या गृहखात्याकडे, क्रॉयडनला पाठवलेला होता; तिला जाता आलं नाही. शेवटच्या आठवड्यात आई फोनवर रोज एकच विचारायची, "पासपोर्ट आला का गं?"

लंडनच्या ज्या हॉस्पिटलमध्ये ती भूलतज्ज्ञ होती, तिथे तिने हा विषय कुणाजवळ काढला नाही. दहाव्या दिवशी ती आपल्या संशोधनाला लागली. काखेत इंजेक्शन देऊन नुसता हात बधिर करायचा, मध्ये पडदा लावायचा आणि जाग्या पेशंटला विचारायचं, हात कुठे आहे असं वाटतं? बहुतेक जण म्हणत, छातीवर. काही म्हणत, हवेत.

त्या दिवशी पहिलीच पेशंट, एक इंग्रज आजी, म्हणाली, हात कुणीतरी धरलाय. तिच्यानंतरचा बसड्रायव्हरही तेच म्हणाला. बाईचा हात आहे, थंडगार. देवयानीने फॉर्मवर 'इतर' पुढे खूण केली.

शेवटच्या पेशंट हाउन्सलोच्या शांताबाई. पडद्यापलीकडे त्यांचा हात उशीवर एकटाच पडला होता. देवयानीने मराठीतून प्रश्न विचारला.

"कुणी बाई हात धरून बसलीय गं," शांताबाई हळूच म्हणाल्या. "सारखं विचारतेय, पासपोर्ट आला का. काय सांगू तिला?"