एकट्याचा फोटो

माणिकराव एकट्याचा फोटो म्हणून काढू द्यायचे नाहीत. “तो हार घालायलाच कामी येतो,” असं म्हणत कुणाला तरी ओढून शेजारी उभं करायचे. त्यापायी पासपोर्टसुद्धा काढला नव्हता.

माधव नगरच्या घरात भिंतीवर राम घाटावरचा फोटो होता. मधोमध ते, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून बायको रजनी, बाजूला मुलगा, सून आणि धाकटा भाऊ.

एक दिवस त्यांना भाऊ जरा लांब सरकलेला दिसला. दुसऱ्या दिवशी तो फोटोत नव्हताच.

“फोटोला हात कुणी लावला?” ते खेकसले.

“अहो, सगळे आहेत की जागेवर,” रजनीबाई वैतागल्या. “खामखा डोकं खाऊ नका.”

मग फोटोतून सून गेली, मुलगा गेला. माणिकरावांनी चष्मा बदलला, काच पुसपुसून पाहिली, घरभर चिडचिड केली. दर वेळी रजनीबाईंचं उत्तर तेच.

आज सकाळी फोटोत त्यांच्या खांद्यावर नुसता हात उरला होता.

“रजनी! आधी इकडे ये!”

पदराला हात पुसत रजनीबाई आल्या, फोटोसमोर थबकल्या आणि कौतुकानं हसल्या.

“अय्या! हा एकट्याचा कधी काढलात हो? किती छान आलाय!”