गप्प बसवणारी जोडी

“आणि नाहीच कापून घेतलं तर?” मैत्रिणींनी पैज लावली म्हणून स्वरदाने शाळेच्या जनुक-शिबिरात उभं राहून विचारलंच. अल्झायमरचा धोका वाढवणारं जनुक दहावीत सगळेच कापून घेत. नंतर ते जमत नसे.

डॉक्टर खांबेटे हसल्या नाहीत. “तुझ्यात बाबांच्या त्या जनुकाला आईकडून आलेलं दुसरं जनुक गप्प बसवतंय. कसं, ते आम्हालाही कळेना. एक कापलं की जोडी मोडलीच.”

बाबा हल्ली चहात दोनदा साखर घालायचे.

स्वरदा धावतच घरी आली. “आई, बाबा, मी नाही कापून घेणार! ही जोडी संशोधनाला देणार. आई, तू बाबांना कसं गप्प करतेस, ते आता अख्ख्या जगाला कळू दे. बाबांचं औषध माझ्यातूनच निघणार!”