डावीकडच्या होड्या

प्रायमरचा पहिला हात बसला आणि टेबलावरचं जहाज वहिनींनी ओळखलं.

तोवर ते मॉडेलचे नुसते तुकडे होते, पिवळट रेझिनचे, कुठे वीतभर, कुठे नखभर. साच्यातून आलेला तुकडा तेलकट असतो. तसाच रंगवला तर रंग पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणून दिरानं नेहमीप्रमाणे ते वहिनींकडे दिले आणि त्यांनी साबणाच्या कोमट पाण्यात, जुन्या टूथब्रशनं एकेक घासून दिला. मग त्यानं जादाची टोकं कापली, तुकडे जोडले, ओल्या पॉलिश पेपरनं सांधे घासले, बुडबुड्यांची भोकं पुट्टीनं बुजवली. पिवळ्यावर पांढरी ठिगळं. हे नक्की काय आहे ते कळायची सोय नव्हती. आता सगळ्यावर एकच करडा रंग आला आणि ते मागे कललेलं धुराडं दिसलं. त्याच धुराड्याला टेकून काढलेला नवऱ्याचा फोटो आतल्या खोलीत होता.

"भावजी, हे कुणाचं जहाज?"

दीर स्प्रेचं तोंड पुसत राहिला.

"माझ्याच हातानं धुवून घेतलंत?"

"कंपनीच्या नव्या ऑफिसात ठेवायचंय, वहिनी. दुसऱ्या कुणी तरी केलंच असतं. म्हटलं, दादाचं जहाज निदान घरच्या हातानं व्हावं."

वहिनींच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तोंड उघडणार तेवढ्यात त्यांची नजर पुठ्ठ्यावर वाळत ठेवलेल्या होड्यांवर पडली.

"चार?"

"किटमध्ये चारच आल्यात. नकाशातही..."

"नकाशात असणारच! तुमचे दादा शेवटच्या फोनवर काय म्हणाले होते? तुम्ही इथंच बसला होतात. डावीकडच्या दोन होड्या दुरुस्तीला काढल्या त्या परत आल्याच नाहीत, आणि कंपनी म्हणते तसेच निघा. म्हणाले होते की नाही?"

"म्हणाला होता."

"मग जहाज बुडाल्यावर कंपनीनं काय सांगितलं? चारही होड्या जागेवर होत्या, पण त्या सोडायचं काम ज्याच्याकडे होतं तो माणूस भेदरला. सगळं खापर तुमच्या दादांवर. या गल्लीतल्या किती घरांतली माणसं होती त्या जहाजावर! बोलतं का कुणी माझ्याशी? तोंड फिरवून जातात. तुम्ही तेव्हाही मूग गिळून बसलात. आणि आता चार होड्या रंगवताय!"

दिरानं पुठ्ठ्यावरची एक होडी उचलली, उलटी करून पाहिली आणि परत ठेवली.

दारावर टकटक झाली. कंपनीचे साहेब होते. काम कुठवर आलंय ते बघायला आले होते. वाकून, चष्मा कपाळावर चढवून त्यांनी जहाज पाहिलं.

"अरे वा! रंग नाही तरी केवढं खरं वाटतंय. होड्या अजून लावल्या नाहीत?"

दिरानं दोन होड्या उचलल्या आणि जहाजाच्या उजव्या बाजूच्या बाकदार आकड्यांना टांगल्या. मग हात मागे घेतला.

"आणि या बाजूच्या?"

"दोनच लागतील, साहेब."

"किटमध्ये चार आल्यात ना?"

"किटमध्ये आल्यात. जहाजावर नव्हत्या."

साहेबांनी वळून वहिनींकडे पाहिलं. आपण कुणाच्या घरात उभे आहोत हे त्यांना आत्ता कुठे उमगलं. त्यांचा आवाज लगेच मऊ झाला.

"हे बघा, जुनं उकरून कुणाला काय मिळणार? बरं, दोन तर दोन. पण मग हे रिकामे आकडे डोळ्यांवर येतात. तेही काढून टाका. घासून वर रंगाचा हात मारला, की तिथं काही होतं हे कुणाला कळतंय?"

दिरानं टेबलावरचं पातं उचललं. वहिनी पुढे झाल्या. पण ते पातं त्यानं खणात भिरकावलं आणि खण असा आदळला की जहाजावरच्या होड्या हलल्या.

"काही कापणार नाही!" इतक्या वर्षांत वहिनींनी त्याचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. "माझा भाऊ याच आकड्यांपाशी धावला असेल, माणसांना घेऊन. वर बघितलं असेल त्यानं. आणि तुम्ही म्हणालात, भेदरला!"

"जहाज कंपनीच्या मालकीचं आहे," साहेब म्हणाले. "उद्या माणूस पाठवतो न्यायला."

"पाठवा," वहिनी म्हणाल्या. उरलेल्या दोन होड्या पुठ्ठ्यासकट उचलून त्यांनी साहेबांच्या हातात ठेवल्या. "या मात्र आताच न्या. तुमच्याकडेच आहेत ना दुरुस्तीला."

साहेब तो पुठ्ठा तसाच हातात घेऊन बाहेर पडले. तो खाली ठेवावा हेसुद्धा त्यांना सुचलं नाही.

दीर खुर्चीत बसला.

"उद्या घेऊन जातील ते, वहिनी."

"उद्याचं उद्या. वाळलंय का?"

"उचलण्यापुरतं वाळलंय."

शाळा सुटली होती. गल्लीतल्या बाया पोरांना हाताशी धरून परतत होत्या. वहिनींनी रस्त्यालगतच्या खिडकीतल्या कुंड्या खाली जमिनीवर काढल्या, कट्टा पदरानं पुसला आणि खिडकीची दोन्ही दारं सताड उघडली.

"इथं आणा," त्या म्हणाल्या. "डावी बाजू रस्त्याकडे."