खालचा थर

स्वतःच्या प्रदर्शनाला कॅनव्हास कमी पडले, तेव्हा नवऱ्याने माळ्यावरून माझी जुनी चित्रं खाली काढली. "नाहीतरी धूळच खात पडलीत. माझ्या थरांखाली गेली तर सार्थकी तरी लागतील." मी नको म्हटलं, तर म्हणाला, "तुझ्या चित्रांवाचून कोणाचं अडलंय?"

मग चित्रांकडे न बघताच त्याने विचारलं, "ॲक्रिलिकमध्येच केलीस ना? तेलरंगावर माझं काही धरत नाही, पापुद्रे सुटतात."

"ॲक्रिलिकच आहेत," त्याचे ब्रश धूत मी म्हणाले.

त्याने माझ्या डोळ्यांदेखत माझ्या आईच्या चेहऱ्यावर पुट्टी थापली. त्यावर वाळू, गोणपाट, वर्तमानपत्राचे तुकडे चिकटवले आणि वरून काळा रंग ओतला.

प्रदर्शनाच्या तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, पाहुण्यांना पोत म्हणजे काय ते समजावताना त्याने चित्रावर बोट टेकवलं मात्र, वाळू-गोणपाटासकट हातभर पापुद्रा सुटून त्याच्या बुटांवर पडला. आतून माझी आई सगळ्यांकडे टक लावून बघत होती, आणि खाली कोपऱ्यात माझी सही होती.

"तू तर म्हणाली होतीस..." तो दातओठ खात पुटपुटला.

अकरा वर्षांच्या संसारात माझ्या चित्रांबद्दल त्याने विचारलेला तो एकच प्रश्न होता, आणि नेमकं त्याचंच उत्तर मी खोटं दिलं होतं.