तुटका साप

आंसेल्म इजिप्तहून चित्रं काढून आणायचा आणि मी पॅरिसमध्ये ती पुस्तकासाठी तांब्याच्या पत्र्यावर कोरायचे. या वेळी शवपेटीच्या झाकणावर रंगवलेली एक लहान मुलगी होती, तिच्याभोवती चित्रलिपी, त्या लिपीत एक साप. तिचा चेहरा मी जीव ओतून कोरला. पहिली प्रत पाहताच आंसेल्म ओरडला, “बाई, साप अख्खा कसा?” “मान तुटकी काढली होतीत तुम्ही. म्हटलं, उंटावर बसून काढलंत वाटतं! दिली जोडून.” तो हसला नाही. “तिथले लोक शवपेटीवर साप मुद्दाम तोडूनच काढायचे. अख्खा काढला, तर जिवंत होऊन मेलेल्याला चावतो म्हणे.” “म्हणे!” मी कोरणी उचलली आणि पत्र्यावरच्या सापाच्या मानेवर घाव घातला. “झालं समाधान?” पुन्हा शाई लावून प्रत काढली. साप तुटला होता. मुलीच्या घोट्याशी मात्र दोन बारीक ठिपके होते. ते मी कोरले नव्हते.