सूत्रांतला ‘ल’

चंद्रप्रभाताई लखनौत घरबसल्या गणिताच्या पुस्तकांची संगणकावर अक्षरजुळणी करत. यजमान गेल्यापासून घरात मराठी बोलणारं कुणी नव्हतं. मुलगा हिंदीतच उत्तर देई. यंदा पहिल्यांदाच मराठी पुस्तक आलं. लेखक जगदीश सरांनी साताऱ्याहून फोन केला, “ताई, मजकुरातला ‘ल’ आपला आहे, ‘लांबी × रुंदी’सारख्या सूत्रांतला मात्र हिंदी वळणाचा आलाय.” सूत्रांचा फॉन्ट वेगळा होता. ताईंनी त्यात मराठी ‘ल’ जोडला आणि एका फटक्यात सगळं पुस्तक सुधारलं. सरांना त्यांनी सांगितलं नाही. रोज दुपारी फोन करून एकाच धड्याच्या दुरुस्त्या वाचून दाखवत. बोलणं मग थंडीवर, गुडघेदुखीवर जाई. पाचव्या दिवशी सर म्हणाले, “नातू सांगतो, हे एकदम होतं. तुम्हाला रोजचा त्रास कशाला? फाइलच पाठवा.” “पाठवते,” ताई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी फोनच्या वेळी त्यांनी पुस्तक पुन्हा तपासलं. एकही चूक सापडेना.