एकशे अडुसष्ट नोंदी

"आत गेल्या गेल्या ते पाकीट टेबलावर ठेव," मामा म्हणाला. "पाच मिनिटांत मोकळी होशील."

"ठेवीन. पण माझ्या वेळेने."

"आता वेळ कसली बघतेस? दवाखान्याचे कागद आहेत ते. बघितल्यावर कोण नाही म्हणेल?"

मामा शिंपी होता. अर्धा दिवस दुकान बंद ठेवून तो अपील समितीच्या खोलीबाहेर भाचीशेजारी बाकावर बसला होता. गळ्यातली टेप काढायचीसुद्धा विसरला होता. महिनाभर गैरहजर राहिली म्हणून कॉलेजने भाचीला निलंबित केलं होतं आणि शिष्यवृत्ती थांबवली होती. आज अपील फेटाळलं की शिक्षणाला रामराम. घरात गंभीर आजारपण होतं हे कागदानिशी दाखवलं तर निलंबन उठतं, असं नियमावलीतच होतं. मामाने ते पान तिला तीनदा वाचून दाखवलं होतं.

पण नुसती जागा परत मिळून तिची आग शमणार नव्हती. तिला पदकसरांचा सूड हवा होता.

सगळं कॉलेज त्यांना पदकसर म्हणायचं, कारण यंदा मिळालेलं संशोधनाचं पदक त्यांच्या कोटावरून उतरतच नव्हतं. कॉलेजच्या तळघरात कचऱ्यापासून गॅस करणारी टाकी होती. तिच्या पोटातलं तापमान दर चार तासांनी, अठ्ठावीस दिवस टिपायचं काम सरांनी भाचीच्या गळ्यात घातलं होतं. सर स्वतः तळघराची पायरी उतरत नसत. वासाने त्यांचं डोकं उठायचं.

नेमकी त्याच वेळी तिची आई दवाखान्यात दाखल झाली. ती रजा मागायला गेली तेव्हा सरांनी कागदातून मानही वर केली नाही.

"मला कारणं नकोत, आकडे हवेत. आकडे थांबले की शिष्यवृत्ती थांबली समज."

आकडे थांबले नाहीत. दर चार तासांचा आकडा ती वहीत उतरवत गेली. रोज सकाळी दुकानाला जाताना मामा ती वही सरांच्या टेबलावर ठेवायचा आणि संध्याकाळी परत न्यायचा. पोरीचा पिट्टा पडतोय, हे त्याला दिसत होतं. आई गेली त्या आठवड्यातही तिने वही पुरी करून दिली.

पुढे सरांचा शोधनिबंध छापून आला. त्यावर एकट्या सरांचं नाव होतं. वही गडप झाली होती. आणि हजेरीपटावर तिच्या नावापुढे महिनाभर फुल्या होत्या, सरांच्या हातच्या.

कारकुनाने तिला आत बोलावलं. दार अर्धवट उघडंच राहिलं. मधल्या खुर्चीवर प्राचार्या होत्या. पदकसर खिडकीपाशी पायावर पाय टाकून बसले होते.

या समितीची एक रीत होती. जो जे बोलेल ते कारकून शब्दन्‌शब्द उतरवून घेई, मोठ्याने वाचून दाखवी आणि बोलणाऱ्याची सही घेई. एकदा सही झाली की त्यात काना-मात्रा बदलत नसे.

"बोल, तुझं म्हणणं काय?" प्राचार्यांनी विचारलं.

"आधी एकच विचारते, मॅडम. त्या अठ्ठावीस दिवसांच्या नोंदी कोणी घेतल्या, ते सरांनी सांगावं."

सर हसले. "मी घेतल्या. एकशे अडुसष्टच्या एकशे अडुसष्ट, माझ्या हाताने. ही त्या महिन्यात तळघराकडे फिरकलीसुद्धा नाही."

"नक्की, सर? परत एकदा आठवून बघा."

"आठवायचं काय त्यात? घ्या लिहून!" त्यांनी आपला शोधनिबंध प्राचार्यांपुढे सरकवला. शेवटच्या पानांवर सगळे आकडे ओळीने छापले होते.

"हा शेवटचा उतार मोठा विलक्षण आहे," प्राचार्या पानं चाळत म्हणाल्या.

"त्याचंच तर पदक, मॅडम! अठ्ठाविसाव्या दिवशी टाकी बघता बघता गार पडली. मी शेजारी उभा होतो. माझ्या डोळ्यांदेखत झालं ते."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सरांना वाटलं, पोरगी हरली.

दारातून मामाचा दबका आवाज आला, "अगं, पाकीट काढ ना!"

कारकुनाने जबाब वाचून दाखवला. सरांनी झोकात सही केली आणि पेनाला टोपण लावलं.

"तुला यावर काही म्हणायचंय?"

"सर अगदी खरं बोलले, मॅडम," ती म्हणाली. "मी त्या महिन्यात तळघरात गेले नव्हते. एक दिवससुद्धा नाही."

बाहेर मामाने कपाळावर हात मारून घेतला. सरांच्या चेहऱ्यावरचं हसू मात्र जागच्या जागी थिजलं. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा आपल्या सहीकडे.

"मग होतीस कुठे?" प्राचार्यांनी विचारलं.

"आईच्या उशाशी." आणि आता तिने पाकीट उघडलं.

आत दवाखान्याचा तापाचा तक्ता होता. अठ्ठावीस दिवस, दर चार तासांनी एक आकडा. प्राचार्यांनी तो शोधनिबंधाशेजारी ठेवला आणि दोन्ही कागदांवरून दोन बोटं खाली सरकवत नेली. अडतीस पूर्णांक चार, अडतीस पूर्णांक चार. एकोणचाळीस पूर्णांक एक, एकोणचाळीस पूर्णांक एक. शेवटचा उतार लागला तशी बोटं मंदावली. दोन्हीकडे आकडे तेच होते, दशांशासकट. फक्त तक्त्यावर, एकशे अडुसष्टाव्या आकड्यापुढे, परिचारिकेच्या अक्षरात दोन शब्द जास्त होते: रुग्ण मृत.